एकच गाडी, तीन भाडी

बारावीच्या अर्थशास्त्रात मक्तेदारीचा धडा आला की मूल्यभेद हा शब्द हमखास येतो. पाठ करून तो परीक्षेत लिहिलाही जातो. पण तो आपल्या रोजच्या प्रवासात कुठे भेटतो? आपल्या मुरबाडच्या मातीतल्या एका माणसाच्या आयुष्यातून शोधूया.

सकाळचं आसनगाव स्टेशन डोळ्यांसमोर आणा. शहापूरहून रिक्षाने आलेली पोरं-पोरी फलाटावर उभी आहेत. कसाऱ्याहून लोकल येते. एका डब्यात कॉलेजचा मुलगा चढतो, त्याच्याकडे विद्यार्थी सवलतीचा पास. शेजारी त्याचा काका चढतो, त्याच्याकडे पूर्ण पैशांचा मासिक पास. पलीकडच्या डब्यात एक साहेब चढतात, त्यांच्याकडे फर्स्ट क्लासचा पास, काकाच्या पासापेक्षा कितीतरी महाग. गाडी एकच, मोटरमन एकच, रूळही तेच. तिघंही कल्याणला एकाच मिनिटाला उतरणार. साहेबांना थोडी मऊ सीट आणि थोडी कमी गर्दी मिळते, हे खरं. पण पुतण्या आणि काका तर एकाच बाकावर बसलेत. मग तिघांचे पैसे वेगवेगळे का?

एकच विक्रेता एकच सेवा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या भावाने विकतो आणि भावातला हा फरक खर्चातल्या फरकाने समजावता येत नाही, तेव्हा त्याला मूल्यभेद म्हणतात. आपल्या देशात रेल्वे धावली तेव्हापासून तो तिकिटावर छापलेला आहे. ज्या कंपनीने ती तिकिटं छापली, तिच्या मुंबईतल्या दहा संचालकांत दोनच भारतीय होते. त्यातले एक होते जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजे सगळ्यांचे नाना शंकरशेट.

मुरबाडचा मुलगा, मुंबईचा शेठ

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मुरबाडचा. घराणं दैवज्ञ समाजातलं. वडील शंकरशेट मुंबईतले मोठे व्यापारी. आई भवानीबाई लवकर गेल्या आणि १८२२ मध्ये वडीलही गेले. तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे. आज ज्या वयात आपण एसवायला असतो, त्या वयात त्यांच्या अंगावर मुंबईतली मोठी पेढी येऊन पडली.

त्यांनी ती नुसती सांभाळली नाही, वाढवली. नानांच्या शब्दाला बाजारात इतकी पत होती की अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव बँकेत ठेवण्यापेक्षा त्यांच्याकडे ठेवत. पैसा आला, आणि तो शहरात मुरवायचाही त्यांना नाद होता. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या काळात मुंबईत देशी मुलांसाठी शाळा आणि पुस्तकं तयार करणारी संस्था उभी राहिली, तिच्यात नाना होते. पुढे १८४० मध्ये शिक्षण मंडळ झालं, त्यातही होते. मुलींना शिकवणं म्हणजे पाप मानणाऱ्या काळात त्यांनी गिरगावातल्या आपल्या जागेत मुलींच्या शाळेला आसरा दिला. त्याआधी सतीबंदीच्या बाजूनेही ते उभे राहिले होते. १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. मुंबई इलाख्यातली ती पहिली राजकीय संघटना, आणि तिच्या उभारणीत नाना पुढे होते.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात थोडंफार सापडतं. रेल्वेतला त्यांचा वाटा मात्र एका ओळीत उरकला जातो.

घाट ज्याच्या हातात, जकात त्याच्या हातात

रेल्वेकडे जाण्याआधी मुरबाड तालुक्यातल्या नाणेघाटात जरा थांबू. वैशाखऱ्यावरून वर चढलं की माथ्यावर एक मोठा दगडी रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल या घाटाने चढायचा आणि जकातीची नाणी या रांजणात पडायची, असं मानलं जातं. डोंगर ओलांडायला सोयीची वाट एकच असेल, तर त्या वाटेवर बसलेल्याला मक्तेदारी मिळते. बैलावर मीठ लादलंय की रेशीम, हे बघून किती घ्यायचं ते तो ठरवू शकतो.

आता याच्या उलटं बघा. मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या शेअर जीप नाक्यावर रांगेने उभ्या असतात. एखाद्या ड्रायव्हरने कडक इस्त्रीचा शर्ट बघून दुप्पट भाडं मागितलं, तर गिऱ्हाईक मागच्या जीपमध्ये जाऊन बसेल. तिथे स्पर्धा आहे, म्हणून भाव एकच. मूल्यभेद करायला विक्रेत्याच्या हातात मक्तेदारी, निदान तिच्या जवळपास जाणारी ताकद असावी लागते. ही झाली पहिली अट.

दुसरी अट अशी की कोण जास्त देऊ शकतो आणि कोण नाही, हे विक्रेत्याला कसं तरी ओळखता आलं पाहिजे. तिसरी अट, स्वस्तात घेणाऱ्याने तोच माल महागात घेणाऱ्याला विकता कामा नये. म्हणून तर विद्यार्थी पासावर नाव आणि ओळखपत्र लागतं, आणि दुसऱ्याच्या पासावर प्रवास केला तर टीसी दंड करतो. प्रवास ही गोष्ट साठवून पुढे विकता येत नाही. त्यामुळे रेल्वेला ही तिसरी अट पाळणं सोपं जातं.

बोरीबंदर ते ठाणे

मुंबईत रेल्वे हवी म्हणून १८४५ मध्ये जी हालचाल सुरू झाली, तिच्यात नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय हे दोघं पुढे होते. १८४९ मध्ये लंडनला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी कंपनी रीतसर स्थापन झाली. तिच्या मुंबईतल्या संचालकांत हेच दोघं भारतीय. खरी सूत्रं लंडनच्या मंडळाकडे होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१६ एप्रिल १८५३. शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि साहिब, सिंध, सुलतान या तीन इंजिनांनी १४ डबे बोरीबंदरहून ठाण्याकडे ओढले. सुमारे ४०० पाहुण्यांत नानाही होते. त्या दिवशी सगळेच निमंत्रित. तिकिटाचा प्रश्न आला तो त्यानंतर, गाडी लोकांसाठी सुरू झाली तेव्हा.

ठाण्यापर्यंतच्या २१ मैलांचं भाडं असं होतं: पहिला वर्ग २ रुपये १० आणे, दुसरा वर्ग १ रुपया १ आणा, तिसरा वर्ग ५ आणे ३ पै. तेव्हा १६ आण्यांचा रुपया आणि १२ पैंचा आणा. हिशेब करून बघा. तिसऱ्या वर्गाला मैलामागे ३ पै पडतात. पहिल्या वर्गाचं भाडं त्याच्या बरोबर आठ पट आहे. पहिल्या वर्गाचा डबा ओढायला आठ पट कोळसा लागत होता का? गादी आणि ऐसपैस जागा धरली तरी आठ पटीचा हिशेब काही लागत नाही.

तीन प्रवाशांचं गणित

कंपनीने असं का केलं असेल, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, ठाण्याला जाणारे तिघं आहेत. सावकार या प्रवासासाठी ३ रुपयांपर्यंत मोजायला तयार आहे. कारकून सव्वा रुपयापर्यंत. मजूर ६ आण्यांपर्यंत. त्याच्या वर गेलं तर मजूर सरळ पायी निघेल.

सगळ्यांना एकच भाडं लावायचं ठरलं तर कंपनीपुढे तीन पर्याय आहेत. भाडं ३ रुपये ठेवलं तर एकटा सावकार चढेल, गल्ल्यात ३ रुपये. भाडं सव्वा रुपया ठेवलं तर सावकार आणि कारकून चढतील, गल्ल्यात अडीच रुपये. ६ आणे ठेवलं तर तिघंही चढतील, पण गल्ल्यात अवघे १ रुपया २ आणे. नफा बघणारी कंपनी काय करेल? ३ रुपये भाडं लावेल, आणि कारकून व मजूर रस्त्यावरच राहतील.

आता वर दिलेली खरी तीन भाडी लावा. सावकाराचे २ रुपये १० आणे, कारकुनाचा १ रुपया १ आणा, मजुराचे ५ आणे ३ पै. बेरीज ४ रुपये ३ पै. कंपनीचा गल्ला वाढला, आणि तिघंही गाडीत बसले. शिवाय प्रत्येकजण मनात धरलेल्या रकमेपेक्षा थोडं कमीच देऊन बसला.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात मूल्यभेद म्हटलं की गिऱ्हाइकाची लूट एवढंच आपण धरून चालतो. इथे मात्र त्याच मूल्यभेदामुळे मजूर गाडीत आला. सगळ्यांना एकच भाव हा ऐकायला न्याय्य वाटतो. पण विक्रेता एकटाच असेल आणि भाव त्यानेच ठरवायचा असेल, तर तो एकच भाव गरिबाच्या आवाक्याबाहेरचा असू शकतो.

पण सावकार तिसऱ्या वर्गात बसला तर?

ही सगळी व्यवस्था एका धाग्यावर लोंबकळते. सावकाराला ५ आणे ३ पैचं तिकीट काढायला कोणी अडवलेलं नाही. त्याने ते काढलं तर कंपनीचा हिशेबच कोसळला. कंपनी प्रत्येकाचा खिसा तपासू शकत नाही. मग ती काय करते? तिसरा वर्ग असा ठेवते की ज्याला परवडतं त्याने तिकडे फिरकूही नये.

हे कोडं सोडवलं ते ज्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने. पूल, रस्ते आणि त्यांच्यावरचा टोल हा त्याचा विषय. तो १८०४ मध्ये जन्मला आणि १८६६ मध्ये वारला, म्हणजे नानांच्याच पिढीचा. १८४९ मध्ये, जीआयपी स्थापन झाली त्याच वर्षी, त्याने टोलवरच्या लेखात फ्रान्समधल्या रेल्वेबद्दल एक मुद्दा मांडला. तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छत घालायला किंवा बाकाला गादी लावायला कंपनीला फारसा खर्च येत नाही. तरी ती ते करत नाही, कारण तिला दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याला घाबरवायचं असतं. गरिबाला छळणं हा तिचा हेतू नसतो, पण छळ त्याच्याच वाट्याला येतो.

हे आपल्याकडे जसंच्या तसं घडलं. गाड्या सुरू झाल्यापासून बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे. कंपन्यांचं प्रवासी उत्पन्नही मुख्यतः त्यांच्याच आण्या-पैंतून येत होतं. तरी गर्दी, कोंडवाड्यासारखे डबे, पाण्याची मारामार हे त्यांच्याच नशिबी. एकोणिसावं शतक संपेपर्यंत तिसऱ्या वर्गाच्या बहुतेक प्रवाशांना गाडीत शौचालयही मिळालं नाही. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली आणि सगळ्यात जास्त पैसे देणाऱ्याला सगळ्यात कमी सोय मिळते, हे मांडलं. तिसरा वर्ग हे नाव रेल्वेतून गेलं ते १९७४ मध्ये.

गाडी शहापुरात येते

नानांच्या हयातीतच रूळ आपल्या भागात शिरले. कल्याणपर्यंतची गाडी मे १८५४ मध्ये सुरू झाली. १ ऑक्टोबर १८५५ ला ती वासिंदला पोचली, म्हणजे शहापूर तालुक्यात. १८६० मध्ये आसनगाव, १ जानेवारी १८६१ ला कसारा, आणि थळ घाट फोडून १ जानेवारी १८६५ ला इगतपुरी.

घाटावरून गाडी जायला लागली आणि आग्रा रोडवरचं चित्र बदललं. तोवर बैलगाड्या आणि लमाणांचे बैलतांडे माल वाहत. तांडेवाले अनेक होते, एकाशी नाही जमलं तर दुसरा. रेल्वेच्या वेगापुढे आणि दरापुढे ते टिकले नाहीत. लांबच्या मालासाठी वाहतूकदार उरला एकच. मालाच्या भाड्यातही मग तोच प्रकार आला. कापूस, धान्य, मीठ, कापड, प्रत्येकाचा दर निराळा. जो माल जेवढं सोसेल तेवढं त्याच्याकडून घ्यायचं, हे जगभरच्या रेल्वे कंपन्यांचं तत्त्व. पुढे आपल्या अर्थतज्ज्ञांनी आणि व्यापाऱ्यांनी तक्रार केली की बंदराकडे जाणाऱ्या आणि बंदरातून येणाऱ्या मालाला स्वस्त दर मिळतो, आणि देशातल्या देशात फिरणाऱ्या मालाला महाग. कच्चा माल बाहेर जाणं आणि विलायती माल आत येणं सोपं झालं. इथल्या कारखानदाराला मात्र तेच रूळ महाग पडले.

आणखी एक गोष्ट होती. कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी सरकारने दिली होती. उत्पन्न कमी पडलं तर फरक भरायचा हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात गाडी लांबूनच पाहिली, तोही तिचे पैसे भरत होता. तीन भाड्यांच्या तक्त्यात हे चौथं भाडं कुठेच दिसत नाही.

नाना कुठे बसतात?

मग या सगळ्यात नानांना कुठे बसवायचं? तिसऱ्या वर्गाचं भाडं त्यांनी ठरवलं असं म्हणायला आधार नाही. कंपनी विलायतेची होती, भांडवल बव्हंशी तिकडचं होतं. नाना स्वतः श्रीमंत होते, आणि रेल्वेचा फायदा त्यांच्यासारख्या व्यापाऱ्यांना होणारच होता. तरी जिथे निर्णय होतात त्या खोलीत भारतीय माणसाने बसलं पाहिजे, हे त्यांनी आयुष्यभर धरून ठेवलं. शिक्षण मंडळ असो, रेल्वे असो, बॉम्बे असोसिएशन असो, सगळीकडे तेच. १८५७ च्या उठावात त्यांचा हात असल्याचा संशय सरकारला आला, पुरावा मिळाला नाही. पुढे पाचच वर्षांत मुंबईच्या कायदे मंडळात नेमला गेलेला पहिला भारतीय म्हणून सरकारला त्यांचंच नाव घ्यावं लागलं.

थळ घाटातून गाडी सुरू झाल्यावर सातच महिन्यांनी, ३१ जुलै १८६५ ला नाना गेले. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिकमध्ये, त्यांचा पुतळा आहे. ग्रँट रोडजवळच्या चौकाला त्यांचं नाव आहे. मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिल्या येणाऱ्याची शंकरशेट शिष्यवृत्ती पिढ्यान्‌पिढ्या मानाची मानली गेली. मुंबई सेंट्रल स्टेशनला त्यांचं नाव द्यायला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली.

पुढचं तिकीट काढताना

आर्थर पिगू या इंग्रज अर्थतज्ज्ञाने १९२० मध्ये मूल्यभेदाचे तीन प्रकार पाडले. प्रत्येक गिऱ्हाइकाकडून त्याची कमाल रक्कम उकळणं हा पहिला. गिऱ्हाइकांच्या इच्छेनुसार त्यांचे गट पाडून दर लावणं हा दुसरा. एकाच मालाचे निरनिराळे प्रकार समोर ठेवून गिऱ्हाइकाला आपला गट आपणच निवडायला लावणं आज त्यातच धरतात. बाहेरून ओळखता येतील असे गट पाडून दर लावणं हा तिसरा. आजच्या रेल्वेत पाहा. सेकंड, फर्स्ट आणि एसी लोकल हा दुसरा प्रकार. विद्यार्थी पास हा तिसरा. राजधानी-शताब्दीसारख्या गाड्यांत २०१६ पासून आलेलं, सीट भरत जाईल तसं चढणारं भाडं हा पहिल्याच्या दिशेने टाकलेला पाय. मोबाइलवर आपण काय शोधतो, कधी शोधतो हे ज्यांना कळतं, त्या कंपन्यांना तर तो पाय आणखी पुढे टाकता येतो.

एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. मुरबाडहून कल्याणला कॉलेजला जाणाऱ्या कितीतरी मुलींचं शिक्षण त्यावर सोपं झालं. तिथे उरलेली रक्कम सरकार भरतं. उलट, रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची सवलत २०२० मध्ये बंद झाली, आणि आजी-आजोबांना पूर्ण तिकीट काढावं लागलं. देणारा एकच असला की सवलत देणं त्याच्या हातात आणि काढून घेणंही त्याच्याच.

म्हणून पुढच्या वेळी एकाच वस्तूचे दोन भाव दिसले तर लगेच चिडू नका, आणि लगेच खूशही होऊ नका. आधी बघा, दुसरा विक्रेता आहे का. मग बघा, स्वस्त भावामुळे नवा माणूस आत आला, की फक्त जुन्याच माणसाचा खिसा जास्त रिकामा झाला. स्वस्त माल मुद्दाम वाईट ठेवलाय का, तेही बघा. आणि शेवटी, हा भाव ठरला त्या टेबलाशी आपल्या बाजूचं कोण बसलं होतं, हे विचारा.

ज्या मुरबाडने पहिल्या रेल्वेला संचालक दिला, त्या मुरबाडला अजून स्वतःचं स्टेशन नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची वाट आपण किती वर्षं बघतोय. ती गाडी येईल तेव्हा तिच्या तिकिटाचा तक्ता नीट वाचायला आपली पोरं तयार असली पाहिजेत.